मोबाइल नंबर नसलेला पेशंट

१

शुक्रवारी दुपारी दोन वाजता मी जेवून परतले, तेव्हा दवाखान्याच्या आतल्या खोलीत कंप्युटरचा यूपीएस, वीज गेली की ओरडणारा तो बॅटरीचा डबा, ओरडत होता. टूं... टूं... चार-पाच सेकंदांनी एकदा. त्याचा प्लग भिंतीतून काढलेला होता आणि वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवलेली होती. मी प्लग परत लावला. आवाज थांबला. मग कंप्युटरचं बटण दाबलं. पंखा फिरला आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. डिस्क सापडत नाही, असा तिचा अर्थ.

जुन्या यंत्रांचं असं होतं कधी कधी, म्हणून मी टॉर्च घेऊन मागे गेले. नऊ दिवसांपूर्वी आयुधपूजेला इथे कामाला असलेल्या चंद्राबाईंनी कंप्युटरवर कुंकवाचं बोट ओढलं होतं, नेमकं झाकणाच्या सांध्यावर. त्या रेघेचे आता दोन तुकडे दिसत होते, एक जरा वर, एक जरा खाली. मागचे तिन्ही स्क्रू मात्र घट्ट होते. मी ते काढले आणि झाकण सरकवलं.

आत डिस्कचा खण रिकामा होता. तिच्या दोन वायरी बाजूला सारून ठेवल्या होत्या.

त्या डिस्कवर एकोणीस वर्षांच्या, सहा हजार दोनशे पेशंटांच्या नोंदी होत्या. कुणाला किती ऐकू येतं, कुणाचं श्रवणयंत्र कोणत्या आकड्यांवर बसवलंय, सगळं त्यात. दुसरी प्रत नव्हती. ती काढायलाच मी आले होते, आणि अडीच वाजता सुरुवात करणार होते.

मी उठून दवाखान्याच्या मालकिणीला, सुप्रीताला फोन केला. ती समोरच्याच घरी जेवायला गेली होती. दोन मिनिटांत आली, रिकामा खण बघितला आणि दाराला आतून कडी घातली.

"कुणी बाहेर जायचं नाही," ती म्हणाली. "आसावरी अक्का, तुम्हीसुद्धा नाही."

२

मी मूळची नागपूरची. सतरा वर्षं या कानडी शहरात, सर्जापूर रोडवरच्या एका कंपनीत होते. मार्चमध्ये सहा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर मला सांगितलं गेलं की उद्यापासून यायचं नाही. मी "ओके, थँक यू" म्हणाले आणि कुकर लावला. मल्हार, माझा नवरा, अजूनही म्हणतो की एकदा रडून घे. रडू येत नाही. राग येत नाही. भूक लागते, झोप लागते, बस. डेंटिस्टने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं सात महिने चाललं होतं.

त्यात हे काम मिळालं. विंडोज दहाचा आधार चौदा ऑक्टोबरला संपणार होता. त्यानंतर कंप्युटर बंद पडणार नव्हते, पण त्यांच्यातली भोकं बुजवायला कुणी येणार नव्हतं. मोठ्या कंपन्यांनी वर्षभर आधीच तयारी केली होती. छोट्या दुकानदारांना, दवाखान्यांना सप्टेंबरात जाग आली. मी त्यांच्याकडे जायचे, कोणता कंप्युटर नव्या विंडोजवर जाईल ते बघायचे, जाणार नाही तो बदलायचे आणि जुन्यातलं नव्यात हलवून द्यायचे.

मल्लेश्वरममधलं हे श्रवण केंद्र सुप्रीताच्या वडिलांनी काढलेलं. दीडदोनशे वर्षांपूर्वी इथे आलेलं मराठी घराणं, घरात मराठी, दाराबाहेर कानडी. अप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. नोंदींची प्रत तेच काढायचे. ते गेल्यावर कुणी काढली नाही, आणि त्यांची प्रतीची डिस्क मी बुधवारी लावून पाहिली तेव्हा ती मेलेली निघाली.

माणसं चार. सुप्रीता मालक. रघुनंदन, सगळ्यांचे रघुअण्णा, वय एकसष्ट, अप्पांचे पहिले विद्यार्थी. कान तपासणं आणि यंत्र बसवणं पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडे. देवव्रत, पुण्याचा, तिशीतला, मागच्या खोलीत कानाचे साचे घासायचा, यंत्रं दुरुस्त करायचा. आणि चंद्राबाई, ज्या दार, फोन, झाडू आणि कॉफी सांभाळायच्या.

गुरुवारी मी चौघांना एकेक कागद दिला. त्यात उद्याचं काम लिहिलं होतं. नव्या सॉफ्टवेअरला प्रत्येक पेशंटचा मोबाइल नंबर लागतो. जुन्यात अकरा नोंदी नंबराशिवायच्या होत्या. मला फक्त आकडा दिसला होता, त्या नोंदी मी उघडल्या नव्हत्या.

"ह्या अकराचं काय करणार तुम्ही?" रघुअण्णांनी कागदावर बोट ठेवून विचारलं होतं.

"एकेक उघडून बघू. खरा पेशंट असेल तर नंबर शोधू. चाचणीपुरती केलेली नोंद असेल तर वेगळी काढू."

"सरळ पुसून टाकता येत नाही?"

"जुन्यात पुसायची सोयच नाही अण्णा. एकदा घातलेला पेशंट राहतो."

"सरी, बरं," ते म्हणाले आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

त्याच दिवशी दोन नवे कंप्युटर आले. त्यांची खोकी ठेवायला कोरडी, कुलपाची जागा हवी होती, म्हणून मी ती आवाजबंद बूथमध्ये रचली. कान तपासायची ती काचेची खोली खोक्यांनी भरून गेली. शुक्रवारी नाहीतरी तपासणी ठेवली नव्हती.

तरी सकाळी एक बाई पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आलीच. मशीन नीट नाही, ती कानडीत सांगत होती. अण्णांनी मुलीच्या कानातलं यंत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं, बॅटरी पाहिली, आकडे पडताळले आणि सांगितलं की सगळं बरोबर आहे. यंत्र त्यांच्या तळहातावर बारीक शिट्टी मारत होतं. मी तीन हातांवर उभी होते. मला वाटलं, असंच असतं बहुतेक. बाई मुलीला घेऊन गेली.

हे मला खटकायला हवं होतं. त्या दिवसांत मला काहीच खटकत नव्हतं.

३

सुप्रीताने पिशव्या तपासल्या. पहिली माझी. मी ती स्वतःच टेबलावर उलटी केली. किल्ल्या, स्क्रूड्रायव्हर, डबा, छत्री. माझ्यावर संशय घेणं बरोबरच होतं. डिस्क कशी काढतात हे मला येत होतं.

"तुम्ही कुठे जेवलात?" तिने विचारलं.

"आठव्या क्रॉस रोडवरच्या दर्शिनी हॉटेलात. एकपासून दोनपर्यंत. तिथल्या काउंटरवर कॅमेरा आहे."

मग देवव्रतची सॅक. वरच्या कप्प्यात एक लिफाफा निघाला. सुप्रीताने उघडून वाचला. एका मोठ्या साखळी दुकानाचं नेमणूकपत्र होतं, पंधरा तारखेपासून.

"पंधरा?" ती म्हणाली. "बुधवारपासून? आणि मला कधी सांगणार होतास?"

"सोमवारी, मॅडम. मुलांचं काम झाल्यावर."

सोमवारी यशवंतपूरच्या शाळेतली बावीस मुलं यायची होती. त्यांच्या यंत्रांचे सगळे आकडे त्या डिस्कवर होते. आकडे नसतील तर बावीसही मुलांची तपासणी पहिल्यापासून, म्हणजे महिनाभर मुलं वर्गात नुसती तोंडं बघत बसणार.

"सहा हजार पेशंटांची यादी," सुप्रीता हळू आवाजात म्हणाली. "तिथे पहिल्या दिवशी हातात घेऊन जायला बरी आहे."

"मॅडम, मी जॉब सोडतोय. चोरी नाही करत."

"मग डिस्क कुठाय?"

"मला काय माहीत! शोधा ना, माझी खोली शोधा."

आम्ही शोधली. साच्यांचे डबे, घासायचं यंत्र, मेणाचे गोळे. काही नव्हतं. सुप्रीता मधल्या खोलीत परत आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पाच वाजेपर्यंत दे. नाहीतर मी पोलिसांना बोलावते आणि त्या दुकानालाही फोन करते."

रघुअण्णा त्यांच्या टेबलाशी खाली मान घालून उभे होते. त्यांचं ड्रॉवर कुणी उघडलं नाही. ते उघडायचं कुणाच्या मनातही आलं नसेल.

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

४

मला त्या मुलाचा कळवळा आला असं मी म्हणणार नाही. मला फक्त एक गोष्ट जुळत नव्हती आणि न जुळणारं जुळवायची सवय सतरा वर्षांची होती. मी सुप्रीताला म्हटलं, "पाचपर्यंत मला सगळ्यांशी बोलू दे."

"बोला," ती म्हणाली. तिला बसवत नव्हतं.

चंद्राबाई पुढच्या पायरीवर बसल्या होत्या. दुपारीही तिथेच होत्या, डबा उघडून. शटर अर्धं ओढलेलं आणि त्या त्याच्यासमोर.

"एक ते दोनमध्ये कोण आत गेलं?"

"कुणीच नाही की हो. सुप्रीताक्का गेल्या, तुम्ही गेलात. मागचं दार तर दिवाळीच्या रंगकामासाठी बाहेरून बंद केलंय."

"काही ऐकलंत?"

"ते टूं टूं करत होतं की. सव्वाला मी डबा उघडला, तवापासून. म्हटलं करंट गेलं असेल. मग बघते तर समोरच्या दुकानात पंखा फिरतोय."

"मग आत जाऊन पाहिलं नाहीत?"

"आत अण्णा आहेत की. ते बघतील म्हटलं." त्यांनी आत बोट दाखवलं. "तुम्ही येऊन बंद केलंत, तोवर चालूच होतं बघा."

सव्वा ते दोन. पाऊण तास.

देवव्रत मागच्या खोलीत खुर्चीवर बसला होता, हात मांड्यांखाली दाबून.

"दुपारी काय करत होतास?"

"साचे घासत होतो. सोमवारच्या मुलांचे." त्याने खुंटीवरचा मोठा कानबंद दाखवला. "हा लावून. त्यामुळे काही ऐकू येत नाही."

"पूर्ण वेळ?"

"एकदा काढला. पावणेदोन असतील. तेव्हा यूपीएस वाजत होता. लाइट तर होती, माझं मशीन चालू होतं. म्हणून उठलो बघायला. दारापर्यंत आलो तर अण्णा त्यांच्या टेबलाशी बसलेले दिसले, लिहीत. एकदम निवांत. म्हटलं ते आहेत ना जवळ, त्यांना माहीत असेल. परत जाऊन बसलो."

"त्यांच्या टेबलापासून यूपीएस किती लांब?"

"मध्ये एक उघडं दार. चार पावलं."

तो आपणहून बोलू लागला.

"मॅडम, मी का सोडतोय सांगू? पगारासाठी नाही. इथे मी साचे करायला आलो होतो. दोन वर्षांत यंत्र कानाला लावून ऐकून बघायचं कामही सगळं माझ्यावर आलं. रोज सकाळी चाळीस यंत्रं. ते खरं अण्णांचं काम. विचारलं तर म्हणतात, तुझे कान तरुण आहेत. कौतुक म्हणून म्हणतात की काय, कळत नाही."

५

रघुअण्णा टेबलाशी होते. पांढरा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत, खिशाला दोन पेनं. समोर बूथची काच आणि काचेमागे माझी खोकी. मी दारातून "येऊ का?" विचारलं. ते लिहीतच राहिले. मी जाऊन समोर उभी राहिले, तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"या, या. तो दिवा लावा स्वल्प. तुमचा चेहरा दिसेना."

मी दिवा लावला आणि समोर बसले.

"दुपारी तुम्ही इथेच होतात?"

"इथेच. शाळेच्या मुलांचे रिपोर्ट लिहीत."

"कुणी आतल्या खोलीत गेलेलं दिसलं?"

"नाही. माझी पाठ तिकडे असते."

"काही आवाज?"

"काही नाही. चिडीचूप." ते किंचित हसले. "म्हणून तर बावीसातले पंधरा रिपोर्ट संपले. एरवी इथे फार गडबड."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. डोळ्यांकडे नव्हे, ओठांकडे. दोन दिवस ते असेच बघत होते आणि मला वाटलं होतं की नागपूरची बोली त्यांना नवी असेल. बुधवारी मी त्यांच्याच टेबलाखाली वाकून वायरी मोजत होते, तेव्हा दोनदा विचारलं होतं, "अण्णा, ही निळी वायर कसली?" उत्तर आलं नव्हतं. मला वाटलं, मोठे आहेत, टेबलाखालच्या बाईला कशाला उत्तर देतील.

"देवव्रतचं काय वाटतं तुम्हाला?" मी विचारलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"त्याने नाही केलं," ते म्हणाले.

"कशावरून?"

"चांगला मुलगा आहे."

त्यानंतर ते पेनाचं टोपण काढत, लावत राहिले. मी उठले.

६

सगळं कोडं त्या आवाजातच होतं. चोराने आधी यूपीएसचा प्लग काढला. चुकून निघालेला नव्हता, वायर गुंडाळून ठेवली होती. कंप्युटरमध्ये हात घालायचा तर वीज तोडलेली बरी, असं कुणीही सावध माणूस करेल. प्लग निघताच यूपीएस बोंबलू लागला. मग चोराने तीन स्क्रू काढले, झाकण सरकवलं, डिस्कचे चार स्क्रू काढले, वायरी बाजूला केल्या आणि झाकण परत घट्ट बसवलं. सवय नसलेल्याला पंधरा मिनिटं तरी लागतात. एवढा वेळ, हाताच्या अंतरावर, साऱ्या घराला चोरी सांगणारा भोंगा. तो गप्प करायला प्लग परत लावला की झालं. घाईत पळालेला माणूस तसाच सोडून जाईल. पण घाईतला माणूस स्क्रू घट्ट बसवत नाही.

देवव्रतने केलं असतं तर त्याने आवाज आधी बंद केला असता. चंद्राबाईंनीही. त्यांनी तर तो रस्त्यावरून ऐकला होता. मी स्वतः खोलीत शिरल्याबरोबर तोच बंद केला.

ज्याने तो बंद केला नाही, त्याला तो ऐकूच आला नव्हता.

मला लगेच वाटलं की बूथ. अण्णा बूथमध्ये बसले असतील तर शेजारी बॉम्ब फुटला तरी कळणार नाही. पण बूथ माझ्या खोक्यांनी भरला होता, आणि देवव्रतने त्यांना टेबलाशी पाहिलं होतं.

साडेचार झाले होते. सुप्रीता फोन हातात घेऊन फेऱ्या मारत होती. मी आतल्या खोलीत गेले आणि यूपीएसचा प्लग काढला.

टूं... टूं...

मी अण्णांच्या दारात येऊन उभी राहिले. ते लिहीत होते. मागून देवव्रत धावत आला. "आता काय?" मी बोट ओठांवर ठेवलं. चंद्राबाई पुढून आल्या, त्यांच्यामागे सुप्रीता. "परत करंट गेलं काय?" चंद्राबाई म्हणाल्या, मोठ्याने. अण्णांनी ओळ पूर्ण केली, कागद उलटला, दुसरी ओळ सुरू केली. टूं... टूं... सुप्रीता काही बोलायला गेली आणि तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. अण्णांकडे बघताना तिला कळत गेलं ते मला दिसत होतं.

मग अण्णांनी शाई संपली की काय म्हणून पेन झटकलं आणि वर पाहिलं. दारात चौघं.

"काय झालं?"

त्यांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं. ओठ हलत नव्हते. देवव्रतची नजर आतल्या खोलीकडे गेली, तिच्या मागोमाग त्यांचीही. उघड्या दारातून यूपीएसवरचा लाल दिवा उघडमीट करताना दिसत होता.

"वाजतोय?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"दुपारी पण?"

"पाऊण तास."

"तीन-साडेतीन हजार हर्ट्झच्या, वरच्या सुरांच्या पट्टीतला असेल," ते म्हणाले, पेशंटच्या आईला समजावतात तशा आवाजात. "तिथे मला काही ऐकू येत नाही."

मग खालचं ड्रॉवर उघडून त्यांनी रुमालात बांधलेली डिस्क टेबलावर ठेवली.

७

देवव्रतने जाऊन प्लग लावला. अण्णा म्हणाले, "मघाशी सगळ्यांसमोर झालं. हेही सगळ्यांसमोर होऊ दे. फक्त उजेडात बसा, आणि एकेकाने बोला."

आम्ही पुढच्या बाकांवर बसलो. ते उभे राहिले.

त्या अकरांपैकी एक नोंद 'श्रीरंग' नावाची होती. आडनाव नाही, पत्ता नाही, नंबर नाही. एकोणपन्नास तपासण्या. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, सगळे गेल्यावर, अण्णा बूथमध्ये बसून स्वतःचे कान तपासायचे. चार वर्षांत वरचे सूर गेले होते, मधले चालले होते.

"एकट्याने स्वतःची तपासणी नीट होत नाही," ते म्हणाले. "आपणच सूर सोडायचा, आपणच बटण दाबायचं. लबाडी करायची तर किती सोपी. मी एकदाही खोटं बटण दाबलं नाही, सुप्रीता. तेवढं मी पाळलं."

"डिस्क फोडून टाकता आली असती तुम्हाला," मी म्हणाले.

"सहा हजार लोकांचे कान आहेत त्यात." त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "मला फक्त तुमचं काम पुढे जायला हवं होतं. तुमची तारीख टळली असती, तोवर मी निवृत्तीचं बोललो असतो. मग कुठेतरी सापडली असती. असं ठरवलं होतं. देवव्रतचं नाव येईल हे... ते मी धरलं नव्हतं."

"पाच वाजता पोलीस आले असते," देवव्रत म्हणाला.

अण्णांना ते कळलं नाही. तो खाली मान घालून बोलला होता. त्याने मान वर केली आणि तेच वाक्य पुन्हा, सावकाश म्हटलं.

"त्याआधी मी दिली असती," अण्णा म्हणाले. मग, "असं मला वाटतं."

सुप्रीताने विचारलं ते वेगळंच होतं.

"सकाळची ती मुलगी, अण्णा?"

अण्णांचा हात बाकाच्या पाठीवर गेला.

"मशीनमध्ये काहीतरी आहे एवढं आईच्या तोंडावरून कळलं. काय आहे ते कळलं नाही. आकडे बरोबर होते. बरोबर आहे म्हणून सांगितलं."

"शिट्टी मारत होतं," मी म्हणाले. "मी ऐकली. मी पण काही बोलले नाही."

सुप्रीताने तिथूनच त्या बाईला फोन लावला. उद्या सकाळी या, चूक आमची, असं कानडीत सांगितलं. फोन ठेवून ती अण्णांसमोर येऊन उभी राहिली, उजेडात, चेहरा दिसेल अशी.

"अप्पांना माहीत होतं?"

अण्णांनी मान डोलावली.

"श्रीरंग हे नाव त्यांनीच घातलं. पहिल्या तपासण्या त्यांच्याच हातच्या आहेत. म्हणाले, यंत्र मोजतं, कान मोजत नाहीत, तू कर काम. तुला सांगणार होते. राहून गेलं."

ती रडली नाही. तिने मान हलवली, एकदाच, आणि दाराची कडी काढली. अण्णा त्यांची छत्री घेऊन निघून गेले.

देवव्रत सॅक भरत होता तेव्हा ती त्याच्या खोलीच्या दारात गेली. "सॉरी," ती म्हणाली.

"मॅडम, चोर सगळ्यांसमोर म्हणालात," तो म्हणाला. "आणि सॉरी इथे म्हणताय."

तिने चंद्राबाईंना हाक मारली, मला हाक मारली आणि आमच्यासमोर पुन्हा म्हटलं.

८

शनिवारी मी डिस्क बसवली, दोन प्रती काढल्या आणि रविवारी सगळं नव्यात हलवलं. सोमवारी बावीस मुलं आली आणि गेली. यंत्रं सुप्रीताने बसवली आणि देवव्रतने कानाला लावून ऐकली. अण्णा शनिवारी आले नाहीत, सोमवारीही नाही. सुप्रीता फोन करायची. वाजून वाजून बंद व्हायचा.

मंगळवारी, चौदा तारखेला, मी जुने कंप्युटर न्यायला गेले. पुढच्या बाकावर सात-आठ पेशंट होते आणि त्यांच्यात अण्णा. इस्त्रीचा शर्ट. हातात टोकन. चंद्राबाईंनी सांगितलं की साडेनऊपासून बसलेत, आत या म्हटलं तर नंबराने येतो म्हणाले.

त्यांचा नंबर आला. चंद्राबाईंनी पुकारला. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. चंद्राबाईंनी पुन्हा पुकारला. शेजारची म्हातारी इकडेतिकडे बघू लागली. आतून देवव्रत आला. उद्यापासून तो नव्या नोकरीत जाणार होता. तो अण्णांसमोर उकिडवा बसला, त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत.

"अण्णा, चला."

सुप्रीता दारात आली होती. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं आणि बोटाने देवव्रतला दाखवलं. "ह्याला घेऊ दे. ह्याचे कान चांगले आहेत." ती बाजूला झाली.

देवव्रतने त्यांना बूथमध्ये बसवलं, हेडफोन सारखा केला, हातात बटण दिलं आणि जड दार लावलं. काचेतून अण्णा दिसत होते. डोळे मिटलेले, अंगठा बटणावर. देवव्रतने पहिला सूर सोडला. अंगठा हलला नाही. त्याने आवाज वाढवला. हलला नाही. आणखी वाढवला.

माझ्या हातात जुना कंप्युटर होता, चांगला जड. बाहेर ऑटो उभी होती आणि खिशातला फोन थरथरत होता. मी कंप्युटर जमिनीवर ठेवला आणि फोन घेतला. काचेपलीकडचा अंगठा अजून हलला नव्हता आणि ती तपासणी संपेपर्यंत मला तिथून हलायचं नव्हतं.

"मॅडम, बरतीरा?" येताय का, असं ऑटोवाल्याने फोनवर विचारलं.

मला येणाऱ्या मोजक्या कानडी शब्दांपैकी दोन मी वापरले.

"स्वल्प इरी," जरा थांबा, मी म्हणाले, आणि बाकावर अण्णांच्या रिकाम्या जागेवर बसले.